भाकर, कोरड्यास आणि समाज : प्रस्तावना

गरिबाच्या घरी काय शिजते आणि कोणाच्या ताटात किती पडते, या प्रश्नाचे उत्तर प्रथम त्याच्या खिशात शोधण्याची, आणि तेथे ते पुरते सापडले नाही म्हणजे त्याच्या अज्ञानात शोधण्याची रीत आपल्या सरकारी दप्तरांत, आरोग्यखात्याच्या भित्तिपत्रकांत आणि सुशिक्षितांच्या संभाषणांत फार दिवसांपासून रूढ आहे. प्रस्तुत संग्रह या दोन उत्तरांच्या मध्ये पसरलेल्या विस्तीर्ण प्रदेशाविषयी आहे. जालना जिल्ह्यातील शेतमजूर, कोरडवाहू अल्पभूधारक, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आणि शहराच्या कडेला वस्ती करून राहिलेली माणसे आपले अन्न निवडतात हे खरे. परंतु ही निवड सासू, जाऊ, मुकादम, रेशन दुकानदार, भावकी, सोयरे आणि जातीची पंगत या सर्वांच्या देखत, आणि बहुधा त्यांच्या मूक संमतीने, होत असते. पैसा हाती आला तरी या संमतीशिवाय ताट बदलत नाही, आणि ज्ञान मिळाले तरी ते ताटापर्यंत पोचत नाही, हा या संग्रहातील लेखांना एकत्र बांधणारा विचार आहे, आणि तो मला पूर्णतः मान्य आहे.

जालना हा जिल्हा म्हणून अर्वाचीन आहे. औरंगाबाद जिल्ह्यातून जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद व परभणी जिल्ह्यातून परतूर असे तालुके काढून १ मे १९८१ रोजी तो निर्माण करण्यात आला, आणि आज त्यात बदनापूर, घनसावंगी व मंठा धरून आठ तालुके आहेत. परंतु बाजारपेठ म्हणून कुंडलिकेच्या काठचे हे गाव फार जुने. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण कापसाच्या, धान्याच्या आणि सावकारीच्या भरभराटीतून जन्मली, आणि आजही सळ्यांचे कारखाने, मोसंबीच्या बागा व बियाण्यांच्या कंपन्या यांनी ती अंशतः खरी ठेवली आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे बियाण्यांचा उद्योग उभारला आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार देऊन गौरवण्यात आले. ज्या भूमीतून देशभरच्या शेतांना बीज पुरवले जाते, त्याच भूमीत बीजोत्पादनाच्या रानात मजुरी करणाऱ्या बाईच्या अंगात रक्त कमी असते, ही वस्तुस्थिती मला तरी कोणत्याही सिद्धांतापेक्षा अधिक अस्वस्थ करते, आणि या विषयाचा अभ्यास जालन्यात व्हावा याला याहून सबळ कारण शोधण्याची गरज मला वाटत नाही.

नवख्या वाचकासाठी या अभ्यासाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. निर्धनांच्या आहाराचे शास्त्रीय मोजमाप करण्याचा आरंभ इंग्लंडात सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहराची पाहणी करून १९०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने झाला, असे मानावयास हरकत नाही. केवळ शारीरिक कार्यक्षमता टिकवण्यास किमान किती अन्न व किती पैसा लागतो, हा त्यांचा प्रश्न होता. आपल्याकडे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये कुन्नूर येथे सुरू केलेल्या संशोधनातून पुढे जी प्रयोगशाळा वाढली, तीच १९५८ मध्ये हैदराबादेस हलवण्यात आली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. मॅककॅरिसन यांनी हिंदुस्थानातील निरनिराळ्या लोकसमूहांचा रोजचा आहार उंदरांच्या निरनिराळ्या गटांना खाऊ घालून त्यांची वाढ ताडून पाहिली. त्या क्रमवारीत शीख व पठाण यांच्या पाठोपाठ मराठ्यांचा आहार आला, ही गोष्ट मराठी लेखक अभिमानाने सांगतात. त्या प्रयोगात उंदराला मात्र सासू नव्हती, मुकादम नव्हता, आणि पिंजऱ्यातील मादीने नराच्या मागून खावे असा दंडकही नव्हता. मराठ्यांचा म्हणून जो आहार पिंजऱ्यात ठेवला गेला, तो मराठी मुलखातील प्रत्येक घरातील प्रत्येक इसमाच्या वाट्याला येत होता काय, हे त्या प्रयोगातून कळणे शक्य नव्हते.

पुढे १९६० मध्ये सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी हैदराबादेतून जे संशोधन मांडले, ते आमच्या मुलखाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर चट्टे उठवणारा, जुलाब आणि बुद्धिभ्रंश घडवणारा पेलाग्रा हा रोग मका खाणाऱ्या देशांचा म्हणून परिचित होता. तो दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या मजुरांत का आढळावा, याचा शोध घेताना ज्वारीतील ल्यूसीन या घटकाच्या आधिक्याकडे त्यांनी बोट दाखवले. तात्पर्य असे की, जिच्या पुण्याईवर आपण पिढ्यान्‌पिढ्या जगलो ती ज्वारी एकटीच खावी लागली तर अपुरी पडते. डाळ, दूध, पालेभाजी, थोडेसे मांस यांची सोबत मिळाली म्हणजे तीच पूर्णान्न होण्याच्या जवळ जाते. भाकर बहुतेकांना मिळते. भाकरीबरोबरचे कोरड्यास कोणाला काय मिळते, येथे आमच्या मुलखातील माणसामाणसांतला भेद दडलेला आहे. एका घरी वरण आणि दही, दुसऱ्या घरी पातळ पिठले, तिसऱ्या घरी ठेचा आणि पाणी. आणि पुष्कळदा हे तिन्ही प्रकार एकाच छपराखाली, एकाच चुलीवरून, वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला येतात.

स्वातंत्र्योत्तर काळातील वाद मुख्यत्वे परिमाणाचा होता, आणि त्याचे केंद्र पुण्यात होते हे मराठी वाचकाने विसरू नये. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये गोखले संस्थेतून दारिद्र्याची जी मीमांसा केली, तिचा पाया दरडोई दररोज २२५० कॅलरी हा होता. पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला की, एकाच निरोगी माणसाची गरज दिवसेंदिवस कमीअधिक होत असते आणि शरीर काही मर्यादेत स्वतःला सावरून घेते, म्हणून सरासरीखाली सापडलेला प्रत्येक जण उपाशी धरणे अशास्त्रीय आहे. दोन्ही पक्षी विद्वत्ता होती, कळकळही होती. माझे मत दांडेकरांकडे झुकते, कारण सावरून घेण्याची शक्ती गरिबानेच नेहमी का दाखवावी, याचे उत्तर संख्याशास्त्र देऊ शकत नाही. परंतु दोघांचीही गणना बहुशः कुटुंबाच्या उंबरठ्याशी थांबली. आत किती जणांनी, कोणत्या क्रमाने, काय खाल्ले, हे आकड्यांत आले नाही.

उंबरठ्याच्या आत जाण्याचे काम दुसऱ्या एका परंपरेने केले. ऑड्रे रिचर्ड्स यांनी आफ्रिकेतील बेंबा लोकांत राहून १९३९ मध्ये श्रम, जमीन आणि आहार यांचे नाते दाखवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अन्नसवयींच्या अभ्यासासाठी नेमलेल्या समितीचे काम मार्गारेट मीड पाहत होत्या, आणि तिच्याच आश्रयाने कुर्ट लेविन यांनी आयोवा येथील गृहिणींवर एक प्रयोग केला. हृदय, मूत्रपिंड अशा न आवडणाऱ्या पण पौष्टिक मांसाविषयी काही गटांना उत्तम व्याख्यान देण्यात आले, तर काही गटांना आपसात चर्चा करून एकत्र निर्णय घेऊ देण्यात आला. व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी अवघ्या ३ टक्के स्त्रियांनी ते मांस घरी शिजवले, एकत्र ठरवणाऱ्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी. हा प्रयोग होऊन आठ दशके लोटली, तरी आमच्या आरोग्यशिक्षणाचा भर अद्याप व्याख्यानावर असावा, याचा मला मनस्वी खेद वाटतो. भारतात रवींद्र खरे यांनी १९७६ मध्ये हिंदू घरातील चुलीचा अभ्यास करून शुचिता व श्रेणी यांचे अन्नाशी असलेले बंधन उलगडले, आणि अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये असे प्रतिपादन केले की, दुष्काळात माणसे मरतात ती धान्य नसते म्हणून मरतातच असे नाही, त्या धान्यावर हक्क सांगण्याचे साधन त्यांच्यापाशी उरत नाही म्हणूनही मरतात.

मराठीत या विषयाचा उगम याहून जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना शेतकऱ्याच्या घरातील अन्नाची दशा वर्णिली, आणि ती ज्ञानाच्या व सत्तेच्या वाटपाशी जोडली. डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे अन्न यांचा त्याग करण्याचे आवाहन केले; बलुत्याची भाकर दारोदार मागून आणण्यात पोट भरत असले तरी माणूसपण उणे होते, हे त्यांनी सांगितले. अन्नाची किंमत अप्रतिष्ठेच्या रूपाने वसूल केली जात असेल तर ते अन्न नाकारणे हाही आरोग्याचाच मार्ग आहे, हा विचार पोषणशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला आढळला नाही. अलीकडे शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००९ मध्ये पुणे विद्यापीठातून दलितांच्या अन्नस्मृती प्रसिद्ध केल्या, आणि शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीला पहिल्यांदा ग्रंथात सन्मानाचे स्थान दिले. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० पासून ज्या स्वयंपाकघरांत पोचली, त्यांच्या बाहेर किती मोठा महाराष्ट्र जेवत होता, हे पाटोळे यांच्या ग्रंथामुळे आम्हा सर्वांना मान्य करावे लागले.

आता जालन्याकडे वळतो, कारण वरील सर्व विचारधारांची कसोटी येथेच आहे. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी आणि रेशनवर आलेली परदेशी लाल मिलो यांची चव आजही वृद्ध माणसांच्या जिभेवर आहे. त्याच सुमारास संकरित ज्वारी गावोगाव पसरली आणि ‘हायब्रीडची भाकर’ हा शब्दप्रयोग गरिबीच्या वर्णनात दाखल झाला. ती भाकर लवकर वाळे, चवीला उणी वाटे, पण भुकेला पुरे. श्रीमंताच्या घरी रब्बीची टपोरी ज्वारी, मजुराच्या घरी हायब्रीड, आणि पाहुण्याला किंवा सणाला गव्हाची पोळी, अशी एक प्रतवारी मनामनांत ठसली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये व तांदूळ तीन रुपये किलो झाला, जानेवारी २०२३ पासून तो विनामूल्य झाला. जे पूर्वी सणाचे होते ते रोजचे झाले, आणि ज्वारी बाजारात गव्हाहून महाग होऊन बसली. कायद्यात एक रुपया किलोने भरडधान्याची तरतूद होती, परंतु दुकानातून घरी येतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. ज्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे केले, त्याच २०२३ मध्ये मजुराच्या घरी भाकर आठवड्यातून काही दिवसांची वस्तू झालेली होती. मजूर बाईला यात खंत वाटतेच असे नाही. आपली मुले पोळी खातात, डब्यात पोळी नेतात, यात तिला वर चढल्याचे समाधान आहे, आणि ते समाधान खोटे म्हणण्याचा अधिकार भरपेट जेवलेल्या आहारतज्ज्ञाला नाही.

शेताचे रूपही बदलले. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर कापसाने, आणि त्याच्या जोडीला सोयाबीनने, खरिपाच्या रानातून ज्वारी, मूग, उडीद, तीळ, अंबाडी यांना मागे सारले. पूर्वी मुख्य पिकाच्या तासांमध्ये पेरलेली ही थोडी थोडी कडधान्ये बहुधा घरच्या बाईच्या ताब्यात असत. ती विकून येणारे पैसे आणि राखून ठेवलेले दाणे यांवर तिचा शब्द चाले. नगदी पिकाची रक्कम आडतीवर पुरुषाच्या हाती पडते. त्याहून कमी लक्षात आलेली गोष्ट म्हणजे तणनाशकाची फवारणी. खुरपणीला गेलेल्या बायका परतताना ओच्यात तांदुळजा, घोळ, पाथरी, चिवळ अशी रानभाजी घेऊन येत. तिला दाम लागत नसे आणि मालकाची मनाईही नसे. फवारणीने खुरपणीची मजुरी गेली आणि तिच्याबरोबर ही भाजीही गेली. जेथे ती अजून उगवते, तेथे नव्या सुना ती खुडायला संकोचतात, कारण रानातली भाजी आणणारे घर म्हणजे विकत भाजी न परवडणारे घर, असा गावाचा समज झाला आहे. रस्त्यावरच्या दुकानात पाच रुपयांना मिळणारे कुरकुऱ्यांचे पाकीट मुलाच्या हाती देताना मात्र लाज वाटत नाही. मजुरीला निघालेल्या आईला ते मुलाला समजावण्याचे सर्वांत सोपे साधन असते, आणि शेजारच्या मुलाच्या हातात असलेली वस्तू आपल्या मुलाच्या हातात नसणे हे कोणत्याही आईला सोसत नाही.

सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बाईविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण हा विषयच या संग्रहाचा कणा आहे. भगिनीने भावाच्या, सुनेने सासूच्या आणि पत्नीने पतीच्या मागून जेवावे, हा नेम कोणी हुकूम काढून लादलेला नाही. तो प्रेमाच्या, मर्यादेच्या आणि सुगृहिणीपणाच्या भाषेत शिकवला जातो, म्हणूनच तो मोडणे कठीण. शेवटी बसणारीच्या वाट्याला भाकर उरते. कोरड्यास उरतेच असे नाही. गरोदरपणी फार खाल्ले तर बाळ मोठे होऊन बाळंतपण अडेल, ही समजूत अजून ऐकू येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बालकांत हे प्रमाण जवळजवळ ६९ टक्के होते. आधीच्या फेरीपेक्षा दोन्ही आकडे वाढलेले आहेत. त्याच सर्वेक्षणात २० ते २४ वर्षे वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे नोंदले आहे, आणि मराठवाडा या बाबतीत राज्यात पुढे आहे. सोळा-सतरा वर्षांची मुलगी ज्या घरात सून म्हणून येते, तेथे तिने अंडे मागावे किंवा दूध मागावे अशी अपेक्षा लोहाच्या गोळ्यांच्या वेष्टनावर छापता येईल, पाळता येणार नाही.

मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी निघणाऱ्या जोडप्यांचा विषय तर स्वतंत्र ग्रंथाचा आहे. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता बांधला जातो. बाईचा दिवस पहाटेच्या अंधारात भाकरी थापण्याने सुरू होतो, आणि त्याच भाकरी दुपारी फडात व पुष्कळदा रात्रीही खाल्ल्या जातात. किराणा मुकादमाच्या ओळखीच्या दुकानातून उधारीवर येतो. उसाचे वाढे विकून मिळणाऱ्या चार पैशांत आठवड्याचा बाजार होतो. लहान मूल कोपीत राहिले तर अंगणवाडी त्याच्या गावी राहते. मूल गावी ठेवले तर म्हातारी आजी त्याला आपल्याला झेपेल ते रांधून घालते. या सर्वांत आहाराविषयीचे अज्ञान कोठे आहे, हे मला कोणी दाखवून द्यावे.

राज्यसंस्थेने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा, १९९५ पासूनचा शालेय आहार, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला शिजवलेल्या अन्नाचा आदेश, ही मोठी पावले होती. देशातील पहिले राज्यस्तरीय पोषण अभियान, राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन, २००५ मध्ये औरंगाबादेतच स्थापन झाले, आणि २०१२ च्या राज्यव्यापी पाहणीत दोन वर्षांखालील खुंटलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आल्याचे दिसले. हे यश खरे होते. पुढे ते त्याच वेगाने चालू राहिले नाही. पाच वर्षांखालील बालकांचा वेगळा वयोगट धरणाऱ्या २०१९-२१ च्या सर्वेक्षणात सुमारे ३५ टक्के बालके खुंटलेली आढळली, म्हणजे आधीच्या फेरीहून स्थिती सुधारली नव्हती. शालेय आहारात अंडे द्यावे की न द्यावे, हा प्रश्न २०२३ मध्ये शासनाने अंड्याच्या बाजूने सोडवला आणि २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा निधी थांबवला. मधल्या काळात जो वाद झाला तो प्रथिनांपेक्षा पावित्र्याविषयी अधिक होता. गोवंशाच्या हत्येवरील २०१५ च्या बंदीने ज्या घरांचे स्वस्त मांस गेले, त्या घरांना पर्यायी कोरड्यास कोणते, हे विचारण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. ताटात काय असावे हे ठरवणाऱ्यांत ताटावर बसणारा नसतो, हा जालन्याचाच नव्हे तर साऱ्या राज्याचा अनुभव आहे.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत संग्रहाचा हेतू मर्यादित पण नेमका आहे. येथे आदर्श आहाराचा तक्ता नाही. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, शिक्षक, बचतगटांतील स्त्रिया आणि काही अभ्यासक यांनी आपापल्या गावच्या चुलींविषयी, बाजाराविषयी, पंगतींविषयी व उपासांविषयी जे पाहिले ते त्यांच्या शब्दांत लिहिले आहे. काही लेखांची भाषा विद्यापीठीय आहे, काहींची बोलीतली; संपादकांनी ती एकसारखी करण्याचा मोह टाळला, हे उत्तम केले. लेविन यांच्या गृहिणींप्रमाणे गटाने ठरवले म्हणजे ताट बदलते काय, याचा शोध काही लेखांत घेतला आहे. सासू आणि सून यांना एकाच बैठकीत बसवून गरोदर बाईच्या वाट्याचे अन्न सर्वांदेखत ठरवले, म्हणजे घरी त्यास विरोध करणे सासूलाही जड जाते, असे निरीक्षण त्यांपैकी एका लेखात आहे. ते एका गावापुरते आहे. इतर गावांत ते खरे ठरते की नाही, हे पाहिल्याशिवाय त्यावर योजना उभारू नये, अशी माझी विनंती आहे.

उणिवाही आहेत. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भट्टीपाशी राबणाऱ्या परप्रांतीय कामगारांच्या खोल्यांतील भात आणि बटाट्यांकडे येथे कोणी पाहिलेले नाही. शहरातील मुस्लिम वस्त्यांविषयी एकच लेख आहे आणि तो अपुरा आहे. रक्तदाब व मधुमेह मजुरांच्या घरांत शिरत असताना त्यांचा विचार ओझरताच झाला आहे. पुढील आवृत्तीत ही भर पडावी. तोवर वाचकाने हे लेख कोणत्याही क्रमाने वाचावेत. फक्त जिल्हा परिषदेच्या सभासदांनी आणि महिला व बालविकास खात्याच्या अधिकाऱ्यांनी ऊसतोडीवरील लेख प्रथम वाचावा, आणि तो दिवाळीपूर्वी वाचावा, कारण गाड्या गावातून निघून गेल्यावर त्यातील एकही सूचना त्या वर्षी अंमलात आणता येत नाही.